हुकूमनामा हाती, रक्कम मात्र नाही




देशभरच्या दिवाणी न्यायालयांत हुकूमनाम्यांच्या अंमलबजावणीच्या ८,८२,५७८ दरखास्ती तुंबल्या होत्या आणि त्यांपैकी सुमारे ३ लाख ४१ हजार, म्हणजे तिहाईहून अधिक, मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत होत्या, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १६ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशातून उघड झाले. तरी आपल्या धाराशिव जिल्ह्यात त्याविषयी कोणी अवाक्षर काढू नये, याचा विषाद वाटून हे पत्र लिहीत आहे.

या ३ लाख ४१ हजार दरखास्तींमागील माणसे दावा जिंकलेली आहेत. त्यांनी कोर्ट फी भरली, वकील दिला, साक्षीपुरावे केले, न्यायाधीशांच्या सहीशिक्क्याचा हुकूमनामा मिळविला, आणि त्यानंतर त्यांची खरी फरफट सुरू झाली. हुकूमनामा मिळाल्यावरच हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणींना प्रारंभ होतो, अशा आशयाचा अभिप्राय प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली नोंदविला होता. दीडशे वर्षांनी राज्य बदलले, कायदे बदलले, परंतु तो अभिप्राय तसाच लागू राहावा, ही स्वतंत्र राष्ट्राला भूषणावह गोष्ट नव्हे.

आमच्या भूम तालुक्याचा संसार दूध आणि खव्यावर चालतो. शहरातल्या व्यापाऱ्याने खव्याचे पैसे थकविले की भट्टीवाल्याकडून दुधाचे पैसे थकतात, आणि दूध घालणाऱ्याकडून पेंडवाल्याचे. त्यात सप्टेंबर २०२५ च्या महापुराने भूम-परंड्यातील गोठे ओस पाडले. अशा वेळी ऋणको बुडवा आहे की स्वतःच बुडालेला आहे, याचा निवाडा करणे हेच न्यायालयाचे पहिले कर्तव्य ठरते. परंतु तो निवाडा होतच नाही, केवळ तारखा पडतात. बेलीफ जातो, ऋणको घरी मिळून आला नाही असा अहवाल येतो, पुन्हा वॉरंट निघते. आणि दरम्यान बनेल ऋणको तोच धंदा पत्नीच्या किंवा पुतण्याच्या नावावर नवी पाटी लावून चालू ठेवतो. सरळमार्गी ऋणकोची यंत्रसामग्री मात्र भंगाराच्या भावाने लिलावात निघते. मग धनकोचे मुद्दलही सुटत नाही आणि मजुरांचा रोजगारही बुडतो.

यावरील उपाय दिवाणी प्रक्रिया संहितेतच आहे. पैशाचा हुकूमनामा तीस दिवस अतृप्त राहिल्यास, धनकोच्या अर्जावरून, ऋणकोला आपल्या मालमत्तेचे शपथपत्र देण्यास भाग पाडण्याचा अधिकार आदेश २१, नियम ४१ ने न्यायालयाला दिला आहे. आदेश मोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगातही ठेवता येते. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले आणि मार्च २०२५ मध्ये पुन्हा बजावले. मग हे शपथपत्र पहिल्याच तारखेस का मागविले जात नाही? ज्याची ऐपत नाही त्याला न्यायालयाच्या देखरेखीखाली झेपतील असे हप्ते बांधून द्यावेत; ज्याची ऐपत असून नियत नाही, त्याच्यावर जप्ती आणावी आणि तिला विलंब लावू नये.

बलिष्ठ धनकोंना ही प्रतीक्षा करावीच लागत नाही. बँकांना २००२ च्या कायद्याने तारण मालमत्तेचा ताबा घेता येतो. पतसंस्थांना सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला आणि वसुली अधिकारी मिळतो. नादारी संहितेखाली अर्ज करण्यासाठी थकबाकीची किमान मर्यादा २०२० पासून एक कोटी रुपये केल्याने तो दरवाजाही लहान पुरवठादारास बंद झाला. उरलेल्या दूधवाला, सुतार, वेल्डर यांच्या वाट्याला केवळ ही दरखास्तच येते.

आणि सरकार तरी कोणता आदर्श घालून देते? संपादित जमिनींचा वाढीव मावेजा न्यायालयाने मंजूर करूनही तो न दिल्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयांतील खुर्च्या आणि वाहने जप्त होण्याची पाळी मराठवाड्यात आल्याचे आपण वारंवार वाचतो. तलावासाठी ज्याची काळी जमीन गेली, त्या शेतकऱ्यास खुद्द शासनाविरुद्ध बेलीफ न्यावा लागत असेल, तर खाजगी ऋणकोला न्यायालयाची जरब कशी वाटावी?

म्हणून माझी जाहीर मागणी आहे की, धाराशिव जिल्ह्यातील प्रत्येक तालुका न्यायालयात किती दरखास्ती प्रलंबित आहेत, त्यांपैकी सहा महिन्यांहून जुन्या किती, आणि किती प्रकरणांत मालमत्तेचे शपथपत्र मागविले गेले, याचा तक्ता दरमहा न्यायालयाच्या फलकावर लावावा. जिल्ह्यातील वकील संघांनी आणि लोकप्रतिनिधींनी ही मागणी उचलून धरावी. ३ लाख ४१ हजारांत आपल्या जिल्ह्याचा वाटा किती, हे जाणून घेण्याचा हक्क न्यायालयाच्या शब्दावर विसंबून दावा लावणाऱ्या प्रत्येक नागरिकाला आहे.

आपला,
एक वाचक
ईट, ता. भूम, जि. धाराशिव