हृद्रोग्यास सोबत

हृदयविकाराचा झटका सोसून मनुष्य घरीं परततो, तेव्हां हातीं औषधांची चिठ्ठी असते. धीर मात्र नसतो. 'रोज फिरा, मीठ कमी करा, तंबाखू सोडा,' असें डॉक्टर सांगतात. परंतु सोबतीस कोण, हें चिठ्ठींत नसतें. इंग्लंडांतील राष्ट्रीय आरोग्यसेवेनें २०१९ पासून स्थानिक दवाखान्यांस 'लिंक वर्कर' जोडून दिले. ते रुग्णाचें सावकाश ऐकून घेतात आणि फिरावयास जाणारें मंडळ, पाकवर्ग किंवा समदुःखी रुग्णांची बैठक यांशीं त्याची गांठ घालून देतात. आमच्या घरांत माणसांची वाण नाहीं; तरी रोग्यास अळणी ताट निराळें वाढलें कीं आम्ही कृतार्थ होतों! वाचकांस विनंति इतकीच, कीं डॉक्टरांस औषधाबरोबर सोबतीचाही पत्ता विचारावा, आणि मीठ साऱ्या घरानेंच कमी करावें.