मस्टरवरचे खेळाडू

शातोरूच्या शूटिंग रेंजवर १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळे तिसरा आला आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे नाव एका दिवसात देशभर झाले. पॅरिस ऑलिम्पिक, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, ४५१.४ गुण, ब्राँझ. मग बक्षिसांच्या घोषणा झाल्या, सत्कार झाले, चौकाचौकांत फलक लागले. त्या गर्दीत एक तपशील बातमीच्या खालच्या ओळीत राहून गेला. हा नेमबाज २०१५ पासून मध्य रेल्वेत नोकरीला होता, टीसी म्हणून. नऊ वर्षे दरमहा त्याच्या खात्यात पगार जमा होत होता, पदक असो वा नसो.

भारतातले क्रीडा धोरण क्रीडा मंत्रालयाच्या फायलींत शोधायला गेले तर अर्धेच सापडते. उरलेले अर्धे रेल्वेच्या, बँकांच्या, पोलिस दलाच्या आणि तेल कंपन्यांच्या आस्थापना विभागात, हजेरीच्या मस्टरवर लिहिलेले असते. गेली कित्येक दशके देशातल्या बहुतेक खेळांना या मस्टरनेच पोसले. ते आता आक्रसत चालले आहे आणि क्रीडा धोरणाच्या चर्चेत त्याचा विषय क्वचितच निघतो.

मस्टर नसले की काय होते, हे कोल्हापूर आणि कराडकडच्या लोकांना वेगळे सांगायला नको. शाहू महाराजांनी तालमींना राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. संस्थान होते तोवर पैलवानाच्या खुराकाची चिंता दरबाराची होती. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गोळेश्वरचे खाशाबा जाधव गेले, तेही कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. पुढच्या ऑलिम्पिकपर्यंत संस्थान विलीन झाले होते आणि त्याची जागा घेणारे दुसरे कोणी नव्हते. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे तर गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणले. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर पदकविजेत्याने काय केले? कुस्तीची मैदाने भरवली, त्यातून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे घर सोडवले. पोलिस दलात फौजदाराची नोकरी मिळाली ती १९५५ मध्ये.

म्हणजे पदक आधी आणि पगार तीन वर्षांनी. या क्रमाची किंमत देशाने मोजली. पुढचे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक लिअँडर पेसने आणले ते १९९६ मध्ये, चव्वेचाळीस वर्षांनी.

मुंबईत चित्र निराळे होते, कारण तिथे मालक बरेच होते. इथल्या क्रिकेटची थोरवी सांगताना शिवाजी पार्क आणि आझाद मैदानाची माती सगळ्यांना आठवते. ऑफिस क्रिकेट मात्र फारसे कोणाला आठवत नाही. सुनील गावसकर आणि रवी शास्त्री निरलॉनकडून खेळत, अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, दिलीप वेंगसरकर आणि पद्माकर शिवलकर टाटांकडे. टाइम्स शील्डमध्ये या ऑफिसांच्या संघांची गाठ पडली की ती लढत रणजीच्या तोडीची होई. ज्या काळात कसोटी सामन्याच्या मानधनावर संसार चालत नसे, त्या काळात या कंपन्या तरुण फलंदाजाला टेबल, पगार आणि दुपारनंतर नेटवर जायची मोकळीक देत. शिवलकरांना कसोटी कॅप कधीच मिळाली नाही, पण मुंबईकडून ते दोन दशकांहून अधिक काळ गोलंदाजी करत राहिले. भारताच्या संघात जागा न मिळालेला माणूस एवढी वर्षे खेळू शकतो, तेव्हा त्यामागे महिन्याच्या महिन्याला येणारा पगार असतो.

कबड्डीचा हिशेबही असाच. गिरणगावात गिरण्यांचे संघ होते, चाळीचाळींत मंडळे होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांच्या आयुष्याची घडी विस्कटली. त्यांच्या पोरांच्या खेळाचा आधारही त्याच संपाने काढून घेतला. पुढची काही वर्षे हा भार बँका, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्र यांच्या संघांनी उचलला. लालबाग-परळच्या मैदानावर चांगली चढाई करणाऱ्या मुलाला बघायला कोपऱ्यात एखाद्या ऑफिसचा माणूस उभा असे आणि सामना संपला की आईबापांचा पहिला प्रश्न असे, ‘पर्मनंट करणार का?’

महिला क्रिकेटची कहाणी तर जवळजवळ एकट्या रेल्वेची. बीसीसीआयने या खेळाची सूत्रे घेतली २००६ मध्ये आणि महिला खेळाडूंशी वार्षिक करार करायला २०१५ उजाडले. त्याआधी देशासाठी खेळणाऱ्या मुलीला पोटापाण्याचा भरवसा देणारे दार प्रामुख्याने एकच होते. मुंबईच्या डायना एडुलजी यांनी रेल्वेत मुलींसाठी नोकऱ्या मिळवायला वर्षानुवर्षे खटपट केली. हरमनप्रीत कौर मुंबईत पश्चिम रेल्वेत रुजू झाली ती त्यांच्याच प्रयत्नांतून. २०१७ च्या विश्वचषकात भारत लॉर्ड्सवर नऊ धावांनी हरला, तेव्हा पंधरा जणींच्या संघात दहा जणी रेल्वेच्या होत्या. तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी त्या दहा जणींना प्रत्येकी तेरा लाख रुपये जाहीर केले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला, त्यानंतर रेल्वेची बढती मिळाली ती तिघींना.

दहावरून तीन. ही घट वाईट म्हणता येणार नाही. दरम्यान बाजार आला होता. वार्षिक करार झाले, २०२२ मध्ये सामन्याचे मानधन पुरुषांच्या बरोबरीचे झाले, २०२३ मध्ये विमेन्स प्रीमियर लीग सुरू झाली आणि सांगलीच्या स्मृती मानधनाला पहिल्याच लिलावात ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. तिकडे प्रो कबड्डीच्या पहिल्या मोसमात, २०१४ मध्ये, सर्वांत महागडा खेळाडू राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक मोजले गेले. नऊ वर्षांत वीसपट. खेळाडूला त्याच्या कौशल्याची किंमत मिळू लागली, याचा आनंदच आहे.

प्रश्न जागांचा आहे. विमेन्स प्रीमियर लीग पाच संघांनी सुरू झाली, एका संघात जास्तीत जास्त अठरा जणी. परदेशी खेळाडूंच्या सहा-सहा जागा वजा केल्या तर अख्ख्या देशातल्या मुलींसाठी उरतात साठेक. लिलाव थोड्यांना भरपूर देतो, मस्टर पुष्कळांना पुरेसे देत होते. शिखरावरचा खेळाडू लिलावात दिसतो, पण त्याच्या खालची रांग, ज्यांच्याशी रोज सराव केल्याशिवाय शिखरावरचा तयारच होत नाही, ती पगारावर जगते. शिवाय लीग आहे ती मोजक्या खेळांना. नेमबाज, भालाफेकपटू, मल्लखांबपटू, खो-खो खेळणारी साताऱ्याची मुलगी यांनी कोणत्या लिलावाची वाट बघायची?

आणि नेमके याच काळात मस्टरची पाने गळत आहेत. २०१७ मध्ये देशात २७ सरकारी बँका होत्या, विलीनीकरणानंतर एप्रिल २०२० पासून १२ उरल्या. मुंबईच्या कबड्डीत नाव असलेली देना बँक बँक ऑफ बडोदात विरून गेली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली. बुडीत कर्जे, तोटा, भांडवल ही या निर्णयांमागची कारणे अर्थ खात्याच्या दृष्टीने पटण्यासारखी असतीलही. पण दोन बँका एक होतात तेव्हा दोन संघांचाही एकच होतो आणि दर वर्षी खेळाडू घेणारी एक खिडकी कायमची बंद होते. ज्या टेबलावर हा निर्णय झाला, तिथे क्रीडा खात्याला खुर्ची नव्हती.

राज्यातही वेगळे नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कागदावर ते भरघोस दिसते, पण ते लागू होते ते भरतीला. भरती वर्षानुवर्षे लांबली किंवा काम कंत्राटदाराकडे गेले, की शून्याचे पाच टक्के शून्यच होतात. मग ज्या थोड्या जागा निघतात त्यांवर उड्या पडतात आणि लबाडी शिरते. ट्रॅम्पोलिनसारख्या फारशा कोणी न पाहिलेल्या खेळाच्या बोगस प्रमाणपत्रांवर लोक सरकारी नोकरीत शिरल्याचे प्रकरण राज्याने पाहिले आहे. त्याचा भुर्दंड पडतो तो खऱ्या खेळाडूला. प्लास्टिकच्या फाइलमध्ये लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रे, स्पर्धेचा निकाल, संघटनेचे पत्र आणि झेरॉक्सच्या तीन-तीन प्रती घेऊन एखादी मुलगी पडताळणीसाठी क्रीडा कार्यालयात येते, तेव्हा टेबलापलीकडचा माणूस तिच्याकडे संशयितासारखा बघतो. सरावाची एक सकाळ गेलेली असते. पुन्हा यायला सांगितले की दुसरीही जाते.

नोकरीवर उभ्या राहिलेल्या खेळावर एक जुना आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. ‘नोकरी लागली की खेळ सुटला’, हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्रशिक्षकाच्या तोंडी सापडते. दहावी-बारावीला वाढीव क्रीडा गुण मिळावेत म्हणून खेळायचे, मग भरतीसाठी खेळायचे आणि नेमणुकीचे पत्र हाती पडले की बूट माळ्यावर टाकायचे, ही वाट अनेकांनी धरली. पण दोष नोकरीत आहे की नोकरीला जोडलेल्या अटींत, हे तपासायला हवे. ब्रिटनने १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये एकच सुवर्ण जिंकून छत्तिसाव्या स्थानाची नामुष्की पाहिली, त्यानंतर राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून खेळाडूंना थेट निर्वाहभत्ता देणे सुरू केले. २०१६ च्या रिओत तोच देश ६७ पदकांसह दुसरा आला. भत्ता कामगिरीशी बांधलेला होता. त्याची दुसरी बाजूही होती: पदकाची आशा नाही म्हणून बास्केटबॉलसारख्या लोकप्रिय खेळाचा निधी तोडला गेला. आपल्याकडेही खेलो इंडियातल्या निवडक खेळाडूंना महिन्याला दहा हजार रुपये मिळतात. सुरुवात म्हणून ठीक, पण दूध, बदाम, अंडी आणि खोलीभाडे यांचा मेळ त्यात घालून बघावा.

पैसा नाही, असे म्हणायची सोय राहिलेली नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. याच महाराष्ट्राने २०२३ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या पोलिस बंदोबस्ताचे शुल्क घटवले, तेही २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. त्यावर उच्च न्यायालयानेही सरकारला प्रश्न विचारले. सवलत द्यायचीच होती तर बदल्यात काही मागता आले असते. शहरातल्या इतर खेळांतल्या दहा-वीस मुलामुलींचा पाच वर्षांचा पगार, एवढी अट या व्यवहारात सहज मावली असती.

हीच अट सरकारी कंपनी विकताना, बँका एकत्र करताना घालता येईल: खेळाडूंच्या जितक्या जागा आज आहेत, तितक्या पुढची दहा वर्षे राहतील. नोकरी देताना सुरुवातीची पाच वर्षे सरावाची आणि स्पर्धांची नोंद सेवापुस्तकात घ्यावी, बढती त्यावर द्यावी. ऑलिम्पिक पदकानंतर हरियाणा सहा, चार, अडीच कोटी देतो म्हणून आपणही आकडा वाढवायचा, ही स्पर्धा टाळ्या मिळवते. पण ते पैसे मिळतात तेव्हा खेळाडूची सर्वांत कठीण दहा वर्षे मागे पडलेली असतात.

खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्र आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. पुढच्या वेळी सत्काराच्या व्यासपीठावरून एक यादी वाचून दाखवावी: कोणत्या खात्यात खेळाडूंच्या किती जागा होत्या, किती भरल्या, किती रिकाम्या आहेत. कोल्हापूरच्या तालमीत पहाटे चारला उठून जोर मारणारा पोरगा ती मोबाइलवर बघेल. हौद्यात उतरायचे की लाल माती झटकून पुण्याला भरतीच्या क्लासला नाव घालायचे, हे त्याला जूनच्या आत ठरवायचे आहे.