पुस्तिका गेली कोठे?

शाळेच्या हजेरीपटावरून एखादे नाव नाहीसे झाले, की आपले शिक्षणखाते त्याला ‘गळती’ म्हणते. शब्द मोठा सोयीचा आहे! छप्पर गळते, मडके गळते. त्यात कोणाचा हात नसतो. परंतु चाल आणि आवाज यांवरून रोज खिजविले जाणारे, मुलांच्या मुतारीत मार खाणारे आणि मुलींच्या मुतारीतून हाकलले जाणारे मूल जेव्हा आठवीत शाळा सोडते, तेव्हा ते गळालेले नसते. त्याला बाहेर ढकललेले असते. २०११ च्या जनगणनेत ज्या ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद स्त्री वा पुरुष अशी न होता ‘इतर’ अशी झाली, त्यांच्यातील साक्षरतेचे प्रमाण ५६ टक्के होते, देशाचे ७४.

कागदोपत्री या मुलांना काही कमी पडलेले नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य करून त्यांना शिक्षणात आरक्षण देण्यास सरकारांना बजावले. २०१९ च्या कायद्याने सरकारमान्य शाळांवर भेदभावरहित शिक्षणाचे बंधन घातले. २०२० च्या शिक्षण धोरणात निधीची भाषा आली. उरले होते ते एवढेच, की समोर बसलेल्या अशा मुलाशी कसे वागावे, हे वर्गातल्या गुरुजींना कोणीतरी सांगावे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये पुस्तिका काढून तेही केले. आणि बालहक्क आयोगाने तक्रारीची दखल घेताच ती पुस्तिका काही दिवसांत परिषदेच्या संकेतस्थळावरून अदृश्य झाली!

आक्षेप होते स्वच्छतागृहांच्या व्यवस्थेवर आणि वयात येणे लांबविणाऱ्या औषधांच्या उल्लेखावर. औषधांचा विषय डॉक्टरांचा, शाळेचा नव्हे, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याच्याशी भांडणार नाही. पालकांची धास्तीही आम्हांस समजते. पण चार ओळी खटकल्या म्हणून सबंध पुस्तकच उचलावयाचे, हा कोठला न्याय? ते मुलांच्या हाती पडावयाचे नव्हतेच, शिक्षकांसाठी होते.

आणि शिक्षकावाचून या मुलाला आहे तरी कोण? अल्पवयीनाच्या ओळख-प्रमाणपत्रासाठी अर्ज आईबापांनी वा पालकांनीच करावा, असे २०१९ च्या कायद्याने ठरविले. ज्या घराला या मुलाची लाज वाटते, ते घर अर्ज करील? २०११ साली ‘इतर’ म्हणून नोंदलेल्यांत सुमारे ५५ हजार मुले सहा वर्षांपर्यंतची होती. निकाल, कायदा, धोरण आणि गुंडाळलेली पुस्तिका यांच्यातच त्यांची शाळेची वर्षे सरून गेली.

महाराष्ट्र शासनाने दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक दिवस या विषयाला द्यावा. कोणासही वापरता येईल अशी, आतून कडी लागणारी एक स्वतंत्र मुतारी प्रत्येक शाळेत असावी. छळाची तक्रार मुख्याध्यापकांनी लेखी नोंदवून घ्यावी, ‘पोरे आहेत, चेष्टा करणारच’ म्हणून परत पाठवू नये. यांपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. शासन ती कोणत्या तारखेपासून करणार, एवढेच आम्ही विचारतो.