चांगला खेळाडू हवा, मग बदल्यात कुणाला देणार? एका पॉवर फॉरवर्डच्या ट्रेडची गोष्ट

नोव्हेंबर २०२५ च्या एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. ११ नोव्हेंबरला अमेरिकेत डॅलस मॅव्हरिक्स या बास्केटबॉल संघाने आपले जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांना घरी पाठवलं. चार दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, आयपीएलमधले ट्रेड जाहीर झाले. संजू सॅमसन चेन्नईकडे गेला आणि त्याच्या बदल्यात रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानकडे आले. आपल्याकडे दुसऱ्या बातमीवर मीम्सचा पाऊस पडला, पहिली बातमी फारशी कुणी वाचली नाही. पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. संघात एका जागी कमी पडतंय, तिथं चांगला माणूस हवाय, तर तो आणायचा कसा आणि त्याची किंमत कशात मोजायची?

हॅरिसन यांची नोकरी गेली ती याच प्रश्नाच्या चुकलेल्या उत्तरामुळे. त्यांना पॉवर फॉरवर्ड हवा होता.

हा पॉवर फॉरवर्ड म्हणजे नक्की कोण?

बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका बाजूचे पाच जण असतात. दोन गार्ड, दोन फॉरवर्ड आणि एक सेंटर. सेंटर सगळ्यात उंच, बास्केटच्या खाली उभा राहणारा. पॉवर फॉरवर्ड त्याच्या शेजारचा, म्हणजे 'चार नंबर'. अंगानं दणकट, पण सेंटरपेक्षा चपळ. समोरच्याचा नेम हुकला की उसळलेला चेंडू ताब्यात घेणं, म्हणजे रिबाउंड, हे त्याचं मुख्य काम. शिवाय आत घुसणाऱ्याला अडवायचं, आणि आता तर लांबून नेमही लागला पाहिजे.

ही शेवटची अट ज्यांच्यामुळे रूढ झाली त्यातलं मोठं नाव म्हणजे डर्क नोवित्झ्की. जर्मनीचा हा सात फुटी खेळाडू लांबून शूट करायचा. तो आयुष्यभर डॅलसकडूनच खेळला आणि २०११ मध्ये त्यांना विजेतेपद मिळवून दिलं. गंमत म्हणजे तोही ट्रेडमधूनच आला होता. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने निवडलेला रॉबर्ट ट्रेलर मिलवॉकीला दिला आणि मिलवॉकीने निवडलेला नोवित्झ्की घेतला. म्हणजे ज्या शहराचं अख्खं बास्केटबॉल एका पॉवर फॉरवर्डच्या ट्रेडवर उभं राहिलं, तिथंच दुसरा तसाच ट्रेड अंगाशी आला.

पैसे टाकून विकत का घेत नाहीत?

युरोपातल्या फुटबॉलमध्ये तसंच होतं. क्लब पैसे मोजतो आणि खेळाडू उचलतो. एनबीएमध्ये मात्र पगारावर मर्यादा आहे. २०२५-२६ च्या मोसमासाठी ही मर्यादा सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेतेराशे कोटी रुपयांच्या आसपास. तुलनेसाठी, २०२६ च्या आयपीएलला एका संघाची पर्स १२५ कोटी होती.

एनबीएतली ही मर्यादा ओलांडता येते, बहुतेक संघ ओलांडतातच. पण जेवढं वर जाल तेवढे हात बांधले जातात. मर्यादेच्या वर असलेल्या संघाला बाहेरचा मोठा पगारदार खेळाडू हवा असेल, तर साधारण तेवढ्याच पगाराचे खेळाडू बाहेर पाठवावे लागतात. त्याच्यावर आणखी दोन रेषा आहेत. दुसरी रेषा, म्हणजे २०२५-२६ मध्ये २० कोटी ७८ लाख डॉलर, ओलांडलेल्या संघाला तर दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडूही घेता येत नाही.

सोपं करून सांगायचं तर असं समजा. भूमच्या एका कबड्डी मंडळाला डाव्या कोपऱ्यात तगडा पकड करणारा हवाय आणि तो परंड्याच्या मंडळाकडे आहे. भूमकडे पैसे आहेत, पण नियम असा की नुसते पैसे चालणार नाहीत. त्या पोराला जेवढं मानधन मिळतं, साधारण तेवढ्याच मानधनाची पोरं परंड्याला द्यायची. मग भूमच्या कारभाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो. कोपरा भरायचा म्हणून चढाई करणारा द्यायचा का? आणि चढाईवाला दिल्यावर गुण कोण आणणार?

चलनाचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे 'पिक'. दरवर्षी नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट होतो. त्यात आपला निवडीचा नंबर पुढच्या सात वर्षांपर्यंतचा आधीच देऊन टाकता येतो. उभ्या पिकावर उचल घेण्यासारखंच हे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी असे पिक इतके उधळले, की पुढे नियमच करावा लागला: लागोपाठ दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देऊन संघ रिकामा करता येणार नाही. नियमाला नावही त्यांचंच पडलं.

डॅलसने काय केलं?

२ फेब्रुवारी २०२५. आपल्याकडे रविवारची सकाळ होती. बातमी आली तेव्हा अनेकांना वाटलं, पत्रकाराचं अकाउंट हॅक झालंय. डॅलसने लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला दिला होता. वय २५. जेमतेम आठ महिन्यांपूर्वी त्याने संघाला अंतिम फेरीत नेलं होतं. त्याच्या बदल्यात आला अँथनी डेव्हिस, वय ३१. सोबत मॅक्स क्रिस्टी आणि लेकर्सचा २०२९ चा पहिल्या फेरीचा पिक. यूटा हा तिसरा संघही त्या व्यवहारात होता.

हॅरिसन यांचं म्हणणं होतं की बचाव भक्कम असेल तर विजेतेपद मिळतं, आणि डेव्हिस बचावात अव्वल आहे. हे म्हणणं वेडेपणाचं नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे. डेव्हिसला स्वतःला सेंटरपेक्षा चार नंबरवर खेळायला आवडतं, आणि डॅलसकडे डेरेक लाइव्हली आणि डॅनियल गॅफर्ड हे दोन सेंटर आधीच होते. कागदावर जागा बरोबर भरली जात होती.

मैदानावर मात्र ८ फेब्रुवारीला, पहिल्याच सामन्यात, २६ गुण आणि १६ रिबाउंड घेऊन डेव्हिस दुखापतीने बाहेर गेला आणि सहा आठवडे परतला नाही. मार्चच्या सुरुवातीला कायरी अर्व्हिंगच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. घरच्या मैदानावर 'निकोला हाकला' अशा घोषणा सुरू झाल्या. मे महिन्यात नशिबाने हात दिला. केवळ १.८ टक्के शक्यता असताना डॅलसला ड्राफ्टचा पहिला नंबर लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला. पण फ्लॅगही फॉरवर्डच! ज्या जागेसाठी सगळं घर पणाला लावलं, तिथं आता गर्दी झाली. नवा मोसम तीन विजय आणि आठ पराभवांनी सुरू झाला, आणि हॅरिसन गेले.

दुखापतीला हॅरिसन जबाबदार नाहीत, हे खरं. पण तिशी ओलांडलेल्या आणि दुखापतींचा इतिहास असलेल्या खेळाडूसाठी पंचविशीतला देताना ही शक्यता हिशेबात धरायची असते. आपल्याकडे बैल बदलायला बाजारात गेलेला माणूस आधी दात बघतो, मग पाय बघतो, शिंगं रंगवलीत का ते नंतर.

मग चांगला सौदा कसा दिसतो?

दात-पाय बघून झाले की शेतकरी आणखी एक गोष्ट बघतो. घरी दावणीला जो बैल आहे, त्याच्याशी याची जोडी लागेल का? एकटा बैल कितीही ताकदीचा असला तरी चाल जुळली नाही तर औत वाकडं जातं. बास्केटबॉलमध्ये पॉवर फॉरवर्ड ही अशीच जोडीची जागा आहे.

याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण डेन्व्हरचं आहे. त्यांच्याकडे निकोला योकिच हा सेंटर होता. पास देण्यात त्याच्यासारखा उंच माणूस या खेळाने क्वचितच पाहिला असेल, पण पळण्यात आणि अडवण्यात तो मंद. २०२० मध्ये जेरमी ग्रँट हा बचाव करणारा फॉरवर्ड संघ सोडून डेट्रॉइटला गेला, आणि योकिचच्या शेजारी खिंडार पडलं. २५ मार्च २०२१ रोजी डेन्व्हरने ऑरलँडोकडून अॅरन गॉर्डन घेतला. दिलं काय? गॅरी हॅरिस, आर. जे. हॅम्प्टन आणि पहिल्या फेरीचा एक पिक.

गॉर्डन तेव्हा मोठा तारा नव्हता. उंच उड्या मारून डंक करणारा म्हणून प्रसिद्ध, आणि ऑरलँडोत संघाचा भार खांद्यावर घेऊन गुण काढायच्या खटपटीत असलेला. डेन्व्हरने त्याच्याकडून कमी मागितलं. समोरच्या संघाचा सगळ्यात अवघड फॉरवर्ड तू अडव, आणि चेंडू योकिचकडे गेला की बास्केटकडे धाव घे, पास येईल. त्याने ते मान्य केलं. २०२३ मध्ये डेन्व्हरने इतिहासातलं पहिलं विजेतेपद जिंकलं, आणि अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात याच माणसाने २७ गुण केले.

अशी आणखी नावं आहेत. फेब्रुवारी २००८ मध्ये लेकर्सने पाउ गॅसोल आणला, तेव्हा मेम्फिसला लुटलं म्हणून ओरड झाली; लेकर्सने २००९ आणि २०१० अशी दोन विजेतेपदं घेतली. जानेवारी २०२४ मध्ये इंडियानाने टोरांटोकडून पास्कल सियाकम घेताना पहिल्या फेरीचे तीन पिक दिले, ही किंमत हलकी नव्हती. पण मुख्य गार्ड टायरीस हॅलिबर्टनला हात लावला नाही, आणि २०२५ मध्ये तो संघ अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला. या तिन्ही सौद्यांत घरातला मुख्य माणूस घरातच राहिला. डॅलसने नेमका तोच दिला.

वानखेडेवर हेच झालं होतं

हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सला अष्टपैलू हवा होता. गुजरातकडून हार्दिक पंड्या परत आणायचा तर पर्समध्ये १५ कोटी हवेत. मग साडेसतरा कोटींचा कॅमेरून ग्रीन बेंगळुरूला दिला. एनबीएतल्या पगार जुळवणीचाच हा आपला अवतार. महिनाभरात रोहित शर्माचं कर्णधारपदही हार्दिककडे गेलं. १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी हार्दिकची एवढी हुर्यो उडवली गेली, की संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. त्या मोसमात मुंबई १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला राहिली. तीन महिन्यांनी विश्वचषक जिंकून आल्यावर त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला, तो भाग वेगळा.

एक मोठा फरक मात्र आहे. आयपीएलमध्ये ट्रेडला खेळाडूची संमती लागते. एनबीएत, करारात खास कलम नसेल तर, लागत नाही. डॉन्चिचला विचारलंही नव्हतं. रात्री फोन आला आणि शहर बदललं. जडेजाची गोष्ट याच्या उलट. २०१० मध्ये राजस्थानशी करार असताना दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून त्याला वर्षभर आयपीएलबाहेर बसवलं होतं. आता पंधरा वर्षांनी तो रीतसर ट्रेड होऊन त्याच राजस्थानात परतलाय, १८ कोटींऐवजी १४ कोटी घेऊन. याच खिडकीत शार्दुल ठाकूर लखनौहून मुंबईत आला आणि अर्जुन तेंडुलकर मुंबईहून लखनौला गेला.

आणि आपल्या मैदानी खेळांत? धाराशिव जिल्ह्याने खो-खोत सारिका काळेसारखी भारताची कर्णधार आणि अर्जुन पुरस्कारविजेती दिली. खो-खो असो, कबड्डी असो की आपलं बास्केटबॉल, इथं खेळाडू जुन्या काळापासून ट्रेड होत नाही, भरती होतो. रेल्वेत किंवा पोलिसात नोकरी लागली की तो त्यांच्याकडून खेळतो. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा दबदबा राहिला तो त्यामुळे. ज्या क्लबने, ज्या शिक्षकाने त्याला घडवलं, त्यांच्या हाती बदल्यात काहीच येत नाही. ना खेळाडू, ना पिक. ऑरलँडोला गॉर्डनच्या बदल्यात निदान दोन खेळाडू आणि एक पिक मिळाला होता.

मग पुढे काय?

आयपीएलचा छोटा लिलाव १६ डिसेंबर २०२५ ला अबुधाबीत झाला. एनबीएत उन्हाळ्यात नव्याने करार केलेले बरेच खेळाडू १५ डिसेंबरपासून ट्रेडसाठी मोकळे झाले, आणि खिडकी ५ फेब्रुवारी २०२६ ला बंद झाली. हॅरिसन गेल्यावर डॅलस डेव्हिसला विकणार का, यावर तिकडे रोज चर्चा होती. तो पुन्हा जायबंदी होता, या वेळी पोटरी. त्याचा २०२५-२६ च्या मोसमाचा पगार पाच कोटी चाळीस लाख डॉलर. तो हवा असणाऱ्या संघालाही तेवढ्या पगाराची माणसं गोळा करून द्यावी लागणार होती, आणि डॅलसकडून फोन घेणारा माणूस आता वेगळा होता.