चार तासांची रजा

कोंढव्यात माझी आपा राहते. तिच्या सासऱ्यांना अर्धांगवायू होऊन सहा वर्षे झाली. दर दोन तासांनी कूस बदलायची, टेकवून बसवून भरवायचे, डायपर बदलायचा. या सहा वर्षांत आपा सख्ख्या भाचीच्या निकाहालाही जाऊ शकली नाही. भेटायला येणारे म्हणतात, "बेटी, जन्नत कमावतेयस!" आणि चहा पिऊन निघतात.

माझे भांडण या चहा पिणाऱ्यांशी आहे. आईबापाची खिदमत मुलावर फर्ज; सुनेवर तशी सक्ती नाही, हे अनेक उलेमाच सांगतात. मग फर्ज मुलाचे आणि जागरण सुनेचे, हा न्याय कुठला? सवाब तिच्या नावे लिहून आपण स्वतःची सुटका करून घेतली आहे. (मीही त्यातलाच.)

ब्यूरोची बाई ठेवा, असा सल्ला मिळतो. आपाने एका ब्यूरोत विचारले. बारा तासांची ड्यूटी, महिन्याचे पैसे आगाऊ. तिला हवे होते आठवड्यातले फक्त चार तास! २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने म्हाताऱ्यांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळणारीच्या विसाव्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

केरळातल्या मलप्पुरमकडे पाहा. मुस्लिमबहुल जिल्हा. १९९० च्या दशकाअखेरीस तिथल्या सामान्य माणसांनी अंथरुणाला खिळलेल्यांसाठी शेजारधर्माचे जाळे विणले. थोडे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक, सोबत नर्स, छोट्या छोट्या देणग्या. २००८ साली केरळ सरकारने अशा सेवेचे धोरणच आखले.

आणि आपण? मोहल्ल्यात कुणी वारले की गुसल देणारे हजर, जनाजा तयार, कबर खणणारा तयार. मेलेल्यासाठी इतका चोख बंदोबस्त करणाऱ्या जमातीला जिवंत रुग्णाच्या उशाशी चार तास बसणारा माणूस मिळू नये? गरीब घरी जकातीतून पगारी माणूस देता येईल, इतरांकडे सदक्यातून किंवा आळीपाळीने. मात्र नवख्याला एकदम रुग्णापाशी बसवू नका. आधी दोन-तीनदा घरच्यांसमोर त्याने सगळे करून पाहावे; औषधांच्या वेळा आणि डॉक्टरांचा नंबर भिंतीवर चिकटवावा. पुरुष रुग्णाकडे पुरुषांनीच जावे, म्हणजे डायपर म्हणजे काय हे आम्हालाही कळेल.

मागच्या दोन रविवारी दुलाभाईंच्या हाताखाली मी शिकलो. येत्या रविवारी अकरा ते तीन मी एकटा बसणार आहे. त्यापुढचा रविवार कोण घेतो?