पायी चालणाऱ्याला हवी वाट, हवे दार

२४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील संत पीटर महामंदिराचे पवित्र द्वार उघडले आणि ‘आशेचे यात्रेकरू’ या बोधवाक्याने २०२५ चे ज्युबिली वर्ष सुरू झाले. बहुसंख्य भाविक विमानाने वा रेल्वेने रोमला गेले. काहींनी मात्र ती वाट पायी तुडविली. त्यांच्या त्या चालण्याचा विचार करताना पालघर, बोईसर आणि तारापूर येथील आपल्या रस्त्यांचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘व्हिया फ्रान्चिजेना’ ही इंग्लंडमधील कँटरबरीहून फ्रान्स व स्वित्झर्लंडमार्गे रोमला पोहोचणारी पुरातन वाट आहे. इ. स. ९९० च्या सुमारास कँटरबरीचे आर्चबिशप सिजेरिक रोमहून परतले, तेव्हा त्यांच्या मुक्कामाच्या ७९ ठिकाणांची नोंद करण्यात आली. आजचा मार्ग त्याच नोंदीच्या आधारे आखलेला आहे. १९९४ मध्ये युरोप परिषदेने त्यास सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली.

त्यातील आक्वापेन्देन्ते ते बोल्सेना हा सुमारे २२ किलोमीटरचा एका दिवसाचा टप्पा पाहू. यात्रेकरू सकाळी निघतो आणि शक्य तेथे मोठा रस्ता टाळून शेतांमधील कच्च्या वाटांनी चालतो. सान लोरेन्झो नुओव्हो या गावी आल्यावर खाली बोल्सेनाचे सरोवर दिसू लागते. सायंकाळी तो १२६३ मधील पवित्र मिस्साच्या चमत्कारासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या नगरीत पोहोचतो. तेथे त्याच्या यात्रापुस्तिकेवर शिक्का उमटविला जातो. या मार्गावरील अनेक धर्मग्राम व मठ यात्रेकरूला रात्रीचा निवारा देतात. कित्येक ठिकाणी तर ऐपतीनुसार दिलेली देणगी पुरेशी ठरते. म्हणजे पायी चालणाऱ्यास तेथे दोन गोष्टी लाभतात: सुरक्षित वाट आणि उघडे दार.

आपल्या जिल्ह्यातही पायी चालणारे थोडे नाहीत. चैत्र पौर्णिमेस विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा भरते, तिला पायी येणारे भाविक असतात. मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या कडेने जैन साधू-साध्वी विहार करतात. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगार पहाटे गावपाड्यांतून चालत कामावर निघतात. या सर्वांच्या वाट्याला काय येते? अवजड ट्रक, रसायनांचे टँकर आणि बहुतेक ठिकाणी पदपथ नसलेला रस्ता.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागताच गावची वाट धरलेले चार स्थलांतरित मजूर याच महामार्गावर विरारजवळ टेम्पोखाली सापडून ठार झाले. त्यानंतर काही दिवसांनी, १६ एप्रिल २०२० रोजी, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे चोरांच्या अफवेने पेटलेल्या जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. ते मोटारीने प्रवास करीत होते, पायी नव्हते. तरीही त्या रात्री ते अनोळखी वाटसरूच होते. पहिल्या घटनेत वाट नव्हती, दुसऱ्या घटनेत दार नव्हते. दोन्ही घटना आपल्या धर्मप्रांताच्या सीमेत घडल्या, हे आपण विसरता कामा नये.

मग आपण काय करू शकतो? पालघर ते बोईसर हे अंतर उमरोळीमार्गे सुमारे १२ किलोमीटर आहे. तेथून किनाऱ्यावरील तारापूरपर्यंत जाणे हा धडधाकट माणसाचा एका दिवसाचा टप्पा होतो. तारापुरात पोर्तुगीजकालीन किल्ला उभा आहे. १७३९ मध्ये मराठ्यांनी तो जिंकला. अशा मार्गावर पादचाऱ्यांसाठी रस्त्याच्या कडेला स्वतंत्र पट्टी राखावी, अशी मागणी ग्रामपंचायती, नगरपरिषद व जिल्हा परिषद यांच्याकडे आपण इतर धर्मीय बांधवांसह एकत्रितपणे करावी. त्यात केवळ ख्रिस्ती यात्रेकरूंचे हित नाही. कामगाराचे, शाळकरी मुलांचे आणि बाजारास निघालेल्या आदिवासी भगिनींचेही आहे.

दार उघडण्यासाठी मात्र कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. रस्त्यालगतच्या धर्मग्रामांनी पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि रात्रीपुरती एक खोली कोणत्याही वाटसरूसाठी खुली ठेवली, त्याचा धर्म न विचारता ठेवली, तर खर्च फारसा येणार नाही. गावात अनोळखी माणूस आला की त्याची आस्थेने विचारपूस करणारे चार शहाणे लोक असले, तर अफवेला आळा बसेल.

संत लूकच्या शुभवर्तमानातील २४ व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना एक अनोळखी सोबती भेटतो. संध्याकाळ झाली असता ते त्याला आग्रहाने घरी थांबवून घेतात आणि भाकर मोडताना त्यांना प्रभूची ओळख पटते. त्यांनी त्याला दारातूनच निरोप दिला असता, तर ती ओळख पटली नसती. ज्युबिली वर्षातील आशेचा संदेश आपल्या गावात उतरावा असे वाटत असेल, तर येत्या चैत्रयात्रेपूर्वी आपल्या धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत हा विषय अवश्य मांडावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे.