बटण कोणते, हे कोणी ठरवावे? लढतीच्या खेळांचा इतिहास आणि नवशिक्याचा निर्णय

१/ हिंगोली, वसमत, कळमनुरी किंवा सेनगावात बसून ‘स्ट्रीट फायटर ६’ शिकू पाहणाऱ्या तरुणापुढे पहिला पेच प्रतिस्पर्ध्याचा नसतो, हातातल्या उपकरणाचा असतो. पॅड घ्यावा की स्टिक? कोणता प्रहार कोणत्या बटणावर ठेवावा? ‘खरा खेळाडू अमुकच वापरतो’ असा निवाडा जाणते लोक ऐकवतात. या खेळांचा इतिहास त्या निवाड्याला दुजोरा देत नाही. (धागा)

२/ १९८७ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने पहिला ‘स्ट्रीट फायटर’ आणला. त्याच्या एका आवृत्तीत आजची सहा बटणे नव्हतीच. ठोशासाठी एक आणि लाथेसाठी एक, अशा दोन मोठ्या गाद्या यंत्रावर बसवलेल्या होत्या. हात जितक्या जोराने आपटावा, तितका पडद्यावरचा प्रहार जबर होई.

३/ कल्पना आकर्षक होती, पण खेळणाऱ्याचे हात दमत आणि यंत्रेही झिजत. म्हणून जोर मोजण्याऐवजी जोराचे तीन दर्जे ठरवून सहा बटणांची आवृत्ती रूढ झाली: वरच्या ओळीत हलका, मध्यम व जड ठोसा, खालच्या ओळीत त्याच क्रमाने लाथा. आज जी मांडणी शास्त्रोक्त मानली जाते, ती मुळात एका अडचणीवरची तोड होती.

४/ १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ने ही मांडणी जगभर पोहोचवली. तिला स्वतःचे व्याकरण आहे: ओळ सांगते हात की पाय, आणि स्तंभ सांगतो प्रहाराचा जोर. हे व्याकरण कळले की सहा बटणे घोकावी लागत नाहीत. नवशिक्याने बटणे बदलण्यापूर्वी एवढे अवश्य समजून घ्यावे.

५/ हे व्याकरण सार्वत्रिक मात्र नाही. १९९२ च्या ‘मॉर्टल कोम्बॅट’ने बचावासाठी स्वतंत्र बटण दिले. १९९३ च्या ‘व्हर्च्युआ फायटर’ने बचाव, ठोसा व लाथ अशा तीनच बटणांवर खेळ उभा केला. १९९४ च्या ‘टेकन’ने चार बटणे चार अवयवांना वाटली: डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. एका खेळाची सवय दुसऱ्यात जशीच्या तशी चालत नाही, ती यामुळेच.

६/ खेळ घरोघरी पोहोचला तेव्हा आणखी तडजोडी झाल्या. सेगाच्या मूळ पॅडवर प्रहाराची तीनच बटणे होती. त्यावर ठोसे आणि लाथा आलटून पालटून निवडण्यासाठी ‘स्टार्ट’चे बटण दाबावे लागे. पुढे १९९३ मध्ये सेगाने सहा बटणांचा पॅड काढला. निन्टेन्डो आणि प्लेस्टेशनच्या पॅडवर चार बटणे अंगठ्याखाली आली आणि उरलेली बोटांखाली, खांद्यावर गेली.

७/ पॅडवर खेळणाऱ्याने ही घडी नीट ओळखावी. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये हलका ठोसा व हलकी लाथ एकत्र दाबली की पकड बसते, दोन्ही मध्यम प्रहार एकत्र दाबले की ‘ड्राइव्ह पॅरी’, दोन्ही जड एकत्र दाबले की ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’. म्हणजे प्रत्येक स्तंभ हीच एक स्वतंत्र आज्ञा आहे. मनाला येईल तशी बटणे विखुरणारा हे जोड स्वतःच्या हाताने तोडतो.

८/ त्यावरून एक साधा नियम निघतो. जी दोन बटणे एकत्र दाबायची, ती शेजारी असावीत किंवा वेगवेगळ्या बोटांखाली असावीत. दोन बटणांची आज्ञा एकाच बटणावर ठेवण्याची सोयही खेळात असते. डाव्या तर्जनीखालची जागा त्यासाठी उत्तम. याखेरीज सुरुवातीला मूळ मांडणीत फेरफार करण्याचे कारण सहसा नसते.

९/ हा खेळ सेकंदाला ६० चौकटींच्या गतीने चालतो, आणि काही चौकटींच्या अंतरात फटका बसायचा की चुकायचा हे ठरते. ‘कोणते बटण?’ असा विचार करायला तिथे सवड नसते. मांडणी उत्तम आहे की मध्यम, यापेक्षा ती बोटांत मुरली आहे की नाही, याला म्हणूनच अधिक महत्त्व आहे.

१०/ मराठी तरुणाला हा अनुभव परका नाही. लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला ३० शब्दांचे मराठी टंकलेखन शिकणारा उमेदवार रेमिंग्टन, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक या मांडण्यांपुढे असाच थबकतो. रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या वारशाने आली. इनस्क्रिप्ट १९९१ मध्ये भारतीय मानकात समाविष्ट झाली. तिच्यात स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे असतात.

११/ डावा हात दिशा देतो आणि उजवा हात प्रहार करतो, ही लढतीच्या खेळातील विभागणी इनस्क्रिप्टशी किती जुळते, हे पाहण्यासारखे आहे. टंकलेखनाच्या वर्गातली शिकवणही इथे लागू पडते: दर महिन्याला मांडणी बदलणाऱ्याचा वेग वाढत नाही. विचार करून एक मांडणी निवडावी आणि मग तिच्याशी एकनिष्ठ राहावे.

१२/ आखाड्यातही हाच प्रश्न माती आणि गादी या रूपात उभा राहिला. महाराष्ट्र केसरीत आजही दोन्ही विभाग आहेत. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये गादीवर लढून सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. मातीत कमावलेला डाव वाया गेला नाही. त्याला गादीच्या सरावाची जोड द्यावी लागली.

१३/ आता उपकरणाच्या प्रतिष्ठेविषयी. २०१४ मध्ये लास वेगासच्या ‘इव्हो’ स्पर्धेत ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’चे विजेतेपद फ्रान्सच्या ‘लफी’ या खेळाडूने जिंकले, तेही पहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्या पॅडवर. अमेरिकेचे मायकल बेगम ऊर्फ ‘ब्रोलीलेग्ज’ जन्मजात व्याधीमुळे हातांनी खेळू शकत नसत. पॅड चेहऱ्याशी धरून ते चुन-ली हे पात्र खेळत आणि त्या पात्राच्या नामांकित खेळाडूंत गणले जात.

१४/ दिशांसाठी दांड्याऐवजी चार बटणे असलेली ‘लिव्हरलेस’ उपकरणे आज अव्वल स्पर्धांत सर्रास दिसतात. त्यांचे तत्त्व कीबोर्डचेच आहे. घरातल्या संगणकाच्या कीबोर्डवर खेळणाऱ्या मुलाला हसणाऱ्यांनी हे नाते ध्यानात घ्यावे. मात्र काही स्वस्त कीबोर्ड तीन-चार कळा एकदम दाबल्यास त्यांतली एखादी गिळून टाकतात. ती तपासणी सरावापूर्वीच करावी.

१५/ उपकरणाचा नियमांशीही संबंध येतो. डावी-उजवी दिशा एकाच वेळी दाबणे दांड्यावर अशक्य, पण बटणांवर सहज शक्य आहे. त्याचा गैरफायदा मिळू नये म्हणून २०२३ मध्ये कॅपकॉमने आपल्या स्पर्धांसाठी नियम घातला: अशा वेळी दोन्ही दिशा एकमेकींना रद्द करतील. स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्याने उपकरण विकत घेण्याआधी नियमपत्रिका वाचावी.

१६/ सर्वांत मोठा वाद ‘मॉडर्न’ पद्धतीचा आहे. जून २०२३ मध्ये आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये एक बटण आणि एक दिशा दाबून विशेष डाव टाकता येतो. ‘क्लासिक’ पद्धतीत हाडोकेनसाठी खाली, तिरपे, पुढे आणि मग ठोसा, अशी पूर्ण हालचाल करावी लागते. सोपी पद्धत म्हणजे फसवणूक, असे जुन्या खेळाडूंपैकी काहींचे म्हणणे.

१७/ या आक्षेपाला इतिहासाचे उत्तर आहे. १९८७ च्या खेळात विशेष डाव साधणे फार अवघड होते. १९९१ मध्ये ती अट सैल झाली आणि त्यानंतरच या खेळाचा सुवर्णकाळ आला. ज्या ‘स्ट्रीट फायटर २’ला जुने खेळाडू कस मानतात, तोच आपल्या पूर्वजाहून सोपा होता.

१८/ ‘मॉडर्न’ फुकटही मिळत नाही. एका बटणाने टाकलेल्या विशेष डावाची इजा २० टक्क्यांनी घटते आणि काही साधे प्रहार हाती राहत नाहीत. पण पूर्ण हालचाल करून तोच डाव टाकला तर इजा पूर्ण होते, म्हणजे या पद्धतीतही पुढे जाण्याची वाट मोकळी आहे. उलटपक्षी सर्व प्रहारांवर ताबा हवा असेल आणि सरावाला वेळ असेल, तर ‘क्लासिक’चे कष्ट सार्थकी लागतात.

१९/ हा केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’ हा पदकाचा खेळ होता. त्यात दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी वयाच्या चाळिशीनंतर सुवर्णपदक जिंकले.

२०/ अशा वेळी महागड्या स्टिकवाचून खेळ शिकता येत नाही, हा समज सर्वाधिक नुकसान करतो तो लहान गावांतील मुलांचे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील मुलाला पुण्या-मुंबईच्या खेळाडूंइतकी साधने आणि सोबती मिळणे कठीण. त्याला परवडणारा पॅड किंवा घरचा कीबोर्ड कमअस्सल ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

२१/ निष्कर्ष असा: जे उपकरण हाताशी आहे ते घ्यावे. ओळ आणि स्तंभ यांचे व्याकरण मोडू नये. डाव साधण्यातच सारा वेळ जाऊन प्रतिस्पर्ध्याकडे लक्ष देता येत नसेल, तर निःसंकोच ‘मॉडर्न’ने आरंभ करावा. मग किमान तीन महिने मांडणी बदलू नये. हरल्यावर बटणांना दोष देण्याआधी लढतीचे चित्रण पाहावे. चूक बहुधा बटणाच्या निवडीत नसून ते दाबण्याच्या वेळेत सापडते.